उसाला इंजिन, चुलीला घागर

‘प्रेशर’ हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो स्टोव्हबरोबर. पितळी टाकीच्या स्टोव्हला पंप मारून मारून ज्योत निळी झाली, की आई म्हणायची, "धरलं बघ प्रेशर." मग कुकर आला. मग तालुक्याच्या डॉक्टरनं आजीला बीपी सांगितलं आणि "माज्या अंगात पिरेशर हाय" असं ती येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगू लागली. पाण्यालाही प्रेशर असतं, ते कमी-जास्त होतं आणि त्यावरून चांगल्या घरात भांडणं लागतात, हे कळायला मात्र १९८७ साल उजाडावं लागलं. तोवर पाण्याला आमच्या लेखी एकच गुण होता, तो म्हणजे वजन. आणि ते वजन कुणाच्या डोक्यावर असायचं हे सांगायला नको.

गाव साताऱ्याच्या पूर्वेला, खटाव तालुक्यात, जुन्या औंध संस्थानातलं. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, खाली काळा कातळ. वस्ती पांढरीत आणि शेती काळीत, ही आपल्याकडच्या बहुतेक गावांची जुनी मांडणी. पांढरीची जागा ज्यांनी धरली त्यांनी पुराचं, ओलीचं, चोराचिलटांचं भय बघितलं असणार. म्हणून घरं चढावर. पाणी मात्र ओढ्याच्या अंगाला, कारण विहिरींना झरे तिथंच लागतात. म्हणजे पाणी खाली आणि माणसं वर. ही मांडणी ज्यांनी केली त्यांना रोजचं पाणी स्वतः आणायचं नव्हतं, एवढं नक्की.

आमच्या परड्यात आड होता, चाळीस फुटी. पाणी होतं पण मचूळ. त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, आणि तांब्याच्या बंबात दर वर्षी बोटभर पांढरा थर धरायचा. त्यामुळं वापरायला आडाचं आणि प्यायला-रांधायला मळ्यातल्या विहिरीचं, अशी दुहेरी व्यवस्था होती. विहीर घरापासून सातशे फुटांवर आणि घराच्या उंबऱ्यापेक्षा पस्तीस फूट खाली. हे आकडे मी पुढं पाइपलाइनच्या वेळी मोजले. आईला ते न मोजता पाठ होते, चढ कुठं सुरू होतो आणि कुठल्या बाभळीशी श्वास लागतो, हे तिच्या पायांना माहीत होतं.

आडाचं पाणी ‘शेंदायचं’. हा शब्द आता वापरातून चाललाय. काढणं, ओढणं, उपसणं यांपेक्षा तो वेगळा आहे. शेंदण्यात दोन्ही हात, पाठ, आणि आडाच्या कडेला रेटून धरलेला पाय असतो. आमच्या आडावर रहाट फार उशिरा बसला. आधी नुसती सागाची आडवी तुळई आणि काथ्याचा दोर. घरात बारा माणसं, दोन बैल, दोन म्हशी. रोजच्या चाळीस कळश्या सहज व्हायच्या. कळशीला बारा लिटर धरले तर पावणेपाचशे-पाचशे लिटर पाणी चाळीस फूट वर यायचं, ते दोन जावांच्या हातांनी. या सगळ्या कष्टाचा मी एकदा हिशेब मांडला. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर हेच काम दहा-बारा मिनिटांत उरकते आणि त्याला वीज लागते साधारण एक दशांश युनिट. आईला हे सांगितलं तर ती आधी हसली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

आता शेतातल्या पाण्याकडं वळतो, कारण खरा इतिहास तिथं सुरू होतो.

मळ्यातल्या विहिरीवर आजोबांच्या वेळी दोन मोटा चालायच्या. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, खाली सोंड. वरच्या जाड दोराला नाडा म्हणायचं, सोंडेच्या बारीक दोराला सोंदूर. बैल धावेवरून उताराला गेले की मोट वर यायची, सोंडेचं तोंड मोकळं व्हायचं आणि पाणी भळाळा थारोळ्यात पडायचं. तिथून पाटानं रानात. यात शहाणपण थारोळ्याच्या उंचीत होतं. थारोळं जितकं वर बांधाल तितकं लांबचं रान भिजेल, पण तितकीच मोट जास्त ओढावी लागेल आणि बैल लवकर दमतील. आजोबांनी थारोळं हातभर वर घेतलं होतं, त्यामुळं टेकाडाखालची वीस गुंठे जमीन पाण्याखाली आली. ते शाळेत गेले नव्हते, पण पाण्याचा दाब म्हणजे उंची हे त्यांना पक्कं माहीत होतं. ज्याला पाणी द्यायचंय त्याच्यापेक्षा ते आधी वर न्यावं लागतं, मग ते आपल्या पायानं जातं.

याच विद्येचा राजेशाही नमुना साताऱ्याजवळ लिंबला आहे. बारा मोटांची विहीर. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. अष्टकोनी दगडी विहीर, आत उतरायला जिना, मध्ये छोटा महाल, आणि वर एका वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. आमराईला पाणी द्यायला ती बांधली. लोक महालाचे फोटो काढतात. मी गेलो तेव्हा माझी नजर मोटांच्या जागेवरच खिळली. बारा मोटा म्हणजे किती बैल, किती नाडे, किती माणसं. तो सगळा खटाटोप पाणी एका विशिष्ट उंचीवर आणून सोडण्यासाठी.

विहिरीच्या उंचीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट टाळून पुढं जाता येणार नाही. आमच्या विहिरीवर सगळ्यांना उतरता यायचं नाही. खालच्या आळीच्या बाया थारोळ्यापासून लांब, खालच्या अंगाला, रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहायच्या. आमच्या घरातलं कुणीतरी वरून पाणी ओतायचं. वरून, म्हणजे भांड्याला भांडं लागू नये म्हणून. वेळ असला तर ओतायचं, नसला तर त्या उन्हात थांबायच्या. महात्मा फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला तो १८६८ साली, आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. आमच्या विहिरीवर हे वरून ओतणं त्यानंतरही तीसेक वर्षं चालू होतं. ते थांबलं ते कुणाचं मन बदललं म्हणून असं मला वाटत नाही. इंजिन आलं, पाइपाचं तोंड रानात उघडं पडलं, आणि धारेखाली कुणी घागर धरली हे बघत बसायला कुणाला सवड राहिली नाही.

आपल्या मुलखाला नळातलं, दाबाचं पाणी ठाऊक नव्हतं असंही नाही. औरंगाबादेत मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. तिथल्या पाणचक्कीवर मातीच्या नळ्यांतून आलेलं पाणी आजही उंचावरून पडताना दिसतं, त्या पडण्यावरच चक्की फिरायची. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं आणि वाटेत शहरात हौद बांधले. ना मोट, ना इंजिन. तलाव वर, शहर खाली, एवढ्या भांडवलावर. त्या नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी विटांचे उंच मनोरे होते, त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणत. आत अडकलेली हवा बाहेर पडावी आणि दाब बेतात राहावा म्हणून. शिकायला पुण्यात होतो तेव्हा असा एक उच्छ्वास मी पाहिला होता. पाण्यालाही श्वास सोडावा लागतो, ही कल्पना तेव्हा नुसती गमतीची वाटली. त्याचा उपयोग मला कळला पंधरा वर्षांनी, आमच्याच घराच्या स्लॅबवर. तो प्रसंग पुढं येईल.

हे सगळं वाड्यांसाठी आणि शहरांसाठी. खेड्याच्या वाट्याला यंत्र यायला किर्लोस्करांची वाट बघावी लागली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर कारखान्यासाठी जागा दिली ती आमच्याच संस्थानाच्या राजानं, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. आधी नांगर, मग पंप, पुढं इंजिनं. औंध संस्थानातल्या म्हाताऱ्यांना याचा इतका अभिमान असायचा, की इंजिन जणू त्यांच्याच परड्यात जन्मलं.

आमच्याकडं इंजिन आलं १९५७ साली. पाच हॉर्सपॉवरचं, डिझेलवर चालणारं. गूळ चांगल्या भावानं गेला होता. विहिरीच्या आत, पाण्यापासून वीसेक फुटांवर कातळात खोबण पाडून ते बसवलं. वर ठेवून चालणार नव्हतं. पंप पाणी खालून ओढतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर, आणि हवेचा जोर कितीही केला तरी दहा मीटरच्या वर पाणी चढवू शकत नाही. प्रत्यक्षात सात मीटर, म्हणजे बावीस-तेवीस फूट, हीच हद्द. तिथून पुढं मात्र पंप पाण्याला वर ढकलतो, ते त्याच्या ताकदीप्रमाणं. ओढायला हद्द आहे, ढकलायला तशी नाही. आमच्या मिस्त्रीचं यावर एक वाक्य होतं: "पंपाला खाली बसवा, मग वर कितीबी बोलवा."

इंजिनाचा पट्टा चढवायच्या आधी पंपात पाणी भरावं लागायचं. पाइपाच्या बुडाशी जो व्हॉल्व्ह असतो त्याला गावात सगळे ‘फुटबॉल’ म्हणतात. तो गळका असला की भरलेलं पाणी खाली निघून जायचं. मग त्यात शेणकाला ओतायचा. शेण फटीत जाऊन बसायचं आणि पंप पाणी धरायचा. असले उपाय कुठल्या पुस्तकात लिहिलेले नसतात.

तर या इंजिनाची धार. चार इंची पाइपाच्या तोंडातून पाणी फुटायचं तेव्हा पोरं त्याखाली पाठ धरायची आणि पाठ लाल व्हायची. बायका प्यायचं पाणी आता तिथूनच भरू लागल्या. आई सांगते, धारेखाली नुसती घागर धरली तर हातातून निसटून पाटात जायची, इतका जोर. घागर तिरकी करून, कडेनं, हळूच पाणी घ्यावं लागायचं. आणि एवढ्या जोरानं वर आलेलं ते पाणी भरून घेतल्यावर त्या चुंबळीवर घागर ठेवायच्या आणि सातशे फूट चढ चढून घरी यायच्या. यंत्र पाण्याला वीस-पंचवीस मीटर वर फेकत होतं, घराचा उंबरा त्याच्या आवाक्यात होता, फक्त एक पाइप टाकायचा होता. १९५७ ते १९८७, तीस वर्षं तो पाइप पडला नाही.

का पडला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पैसे नव्हते हे उत्तर पुरत नाही. याच तीस वर्षांत इंजिन जाऊन १९६९ ला विजेची मोटर आली, पाटाच्या जागी सिमेंटच्या नळ्या पडल्या, दोनदा विहीर खोल झाली. बाहत्तरच्या दुष्काळात पाणी तळाला गेलं तेव्हा लोखंडी गर्डर टाकून मोटर आणखी खाली सोडली, विहिरीत बोअर मारायचाही विचार झाला. ऊस जगवायला जे लागेल ते केलं. त्याच दुष्काळात आई आणि थोरली आई दिवसा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायच्या, आणि परत आल्यावर दोन मैलांवरून पाणी आणायच्या. जालना आणि सोलापूरच्या मिशनच्या कार्यशाळांत जे लोखंडी हातपंप तयार झाले, ज्यांच्यावरून पुढं देशभर पसरलेला इंडिया मार्क-२ पंप बेतला गेला, तसला एक पंप नंतर आमच्या देवळापुढं बसला. तो बाईच्या हातासाठी केलेलं पहिलं यंत्र म्हणता येईल. आमच्या घराला वाटतं तसं की, मोटेला बैल लागतो आणि बैलाला वैरण लागते, म्हणून तिथं इंजिन परवडलं. बाईच्या डोक्यावरच्या घागरीला वेगळा खर्च नव्हता. ज्याला खर्च नाही त्याची बचत कोण करणार?

१९८७ साली चुलतबहिणीचं लग्न ठरत होतं. पाहुणे बघायला आले, त्यांच्यात एक आत्याबाई होत्या. त्यांनी सहज विचारलं, "घरात नळ न्हाई व्हय?" झालं. जे तीस वर्षांत झालं नाही ते तीन आठवड्यांत झालं.

पण झालं कसं, ते ऐका. थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी, अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप आणला. एक इंची महाग होता. तात्यांचा हिशेब असा, की अर्धा इंच म्हणजे पाणी निम्मं येईल, आपल्याला तेवढं पुरे. हा हिशेब गावोगाव लोक आजही करतात आणि तो चुकीचा आहे. पाइपाचा व्यास निम्मा केला, की तेवढ्याच दाबाला पाणी निम्मं होत नाही, साधारण सहावा हिस्सा होतं. बारीक नळीत पाण्याला सगळीकडून भिंतच लागते, आणि सातशे फूट भिंतीला घासत येताना त्याचा जोर तिथंच संपतो. त्यातून प्रत्येक एल्बोला, प्रत्येक कॉकला थोडा-थोडा आणखी. नळ सोडला तर करंगळीएवढी धार. हंडा भरायला पाच मिनिटं.

दुसरी गोम याहून मोठी होती. घराचा पाइप शेताच्याच पाइपाला टी मारून जोडलेला. शेताचं तोंड खाली, घर वर. पाणी शहाणं असतं, ते सोपी वाट धरतं. शेताचा व्हॉल्व्ह उघडा असला की घराच्या नळातून नुसती हवा यायची, फुस्स करून. म्हणजे घरात पाणी हवं तर कुणीतरी शेतातला व्हॉल्व्ह अर्धा आवळायला हवा. आणि शेतात बसलेला गडी तो कशाला आवळतोय? उसाचं पिऊन झालं की मग घर. नळ आला होता, आणि बायका अजून आडावरच होत्या.

थोरली आई कधी आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. ती नवऱ्याशी थेट वादही घालायची नाही. तिनं एवढंच केलं. एका सकाळी आडाचा दोर गुंडाळून माळ्यावर टाकला, न्हाणीत नळाखाली बादली ठेवली आणि म्हणाली, "अवो, नळ हाय की आता. भरली बादली की आंघुळीला या." तात्या, माझे वडील, धाकटे चुलते, आम्ही पोरं, सगळे टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत. तात्यांना त्या दिवशी मार्केट यार्डात जायचं होतं. एस.टी. चुकली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तात्या काही न बोलता आडाचा दोर शोधायला लागले, तर तो सापडेना. तो कुठं ठेवलाय हे घरातल्या कुठल्याच बाईला आठवत नव्हतं. त्या महिन्यात एक इंची पाइप पडला. आडव्या-तिडव्या वळणांऐवजी सरळ बांधाच्या कडेनं. हंडा पाऊण मिनिटात भरू लागला, अर्थात शेताचा व्हॉल्व्ह बंद असेल तेव्हाच.

तो शेवटचा तिढा सुटला १९९२ ला. घरासाठी एक हॉर्सपॉवरची वेगळी मोटर आणि स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी. टाकी कुठल्याही कंपनीची असो, गावात तिला सिंटेक्सच म्हणतात. इथं एक सांगतो, कारण अजून लोक फसतात. मोटर घेताना आपण फक्त हॉर्सपॉवर विचारतो. पण तिच्या अंगावरच्या पत्र्याच्या पाटीवर ‘हेड’ म्हणून आकडा असतो, मीटरमध्ये. पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंतची उभी उंची आणि वर पाइपातल्या घासणीचे काही मीटर, एवढं त्या आकड्यात मावलं पाहिजे. आणि हे गणित चैत्रातल्या पातळीला धरून करायचं, श्रावणातल्या नव्हे.

टाकीनं घरात उंची आली, आणि उंचीबरोबर दाब. शिवाय टाकीनं वेळही साठवून दिला. भारनियमनाच्या वर्षांत शेतीची लाइन रात्री-बेरात्री यायची, गडीमाणसं बॅटऱ्या घेऊन मोटर चालू करायला जायची, विंचूकाट्याची भीती. घरातल्या बायकांना मात्र टाकी भरलेली असली की सकाळची चिंता नसायची. आईचं आयुष्य दोन भागांत पडतं, टाकीच्या आधीचं आणि नंतरचं. ती पन्नाशीत वाचायला लागली. आधी पोथी, मग पेपर, मग मी आणलेली कादंबरी. वेळ कुठून आला असं कुणी विचारलं नाही.

आता तो उच्छ्वासाचा प्रसंग. टाकी बसवली, आणि कधी पाणी धो धो यायचं, कधी टाकी भरलेली असूनही नळ कोरडा. पाइपात तोंडानं फुंकलं की पुन्हा सुरू. गावात म्हणाले टाकीला नजर लागली. वडूजहून फिटर आला. त्यानं टाकीतून निघालेल्या पाइपाला लगेच एक टी मारला आणि त्यावर उभी नळी चढवली, टाकीच्या झाकणापेक्षा हातभर वर, तोंड उघडं. म्हणाला, "टाकी रिकामी झाली की पायपात हवा शिरती, ती अडकून बसती. तिला बाहेर जायाला वाट पायजे." मी त्या उघड्या नळीकडं बघत राहिलो. कात्रजच्या नळावर विटांचा मनोरा होता, इथं पाऊण इंची पाइप. त्या फिटरला पेशव्यांच्या नळाची काही माहिती नव्हती. त्याला कुणा दुसऱ्या फिटरनं शिकवलं होतं.

पुढची वर्षं भराभर सांगतो. मचूळ नसलं तरी विहिरीचं पाणीही जड. पंधरा वर्षांत लोखंडी पाइप आतून क्षारानं इतका भरला, की एक इंचीचा पुन्हा अर्धा इंची झाला. कापून बघितला तेव्हा आत हाडातल्या पोकळीसारखं बारीक भोक उरलं होतं. मग प्लॅस्टिकचा पाइप आला, त्याला क्षार तितका धरत नाही. नवे नळ आले, त्यांच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती महिन्या-दोन महिन्यांनी काढून व्हिनेगरात किंवा लिंबाच्या रसात बुडवून ठेवली की धार परत येते. निम्म्या घरांत "प्रेशर गेलं" म्हणून ओरड असते ती एवढ्यासाठी असते.

पुतण्याच्या लग्नानंतर शॉवर आला. तो पहिल्या दिवसापासून ठिबकायचा. टाकी स्लॅबवर, स्लॅब दहा फुटांवर, शॉवर सात फुटांवर. टाकीतल्या पाण्यापासून शॉवरपर्यंत उंची कशीबशी चार फूट. दहा मीटर उंचीला एक किलोचा दाब मिळतो, मग चार फुटांना किती मिळणार? लोखंडी अँगलचा सहा फुटी स्टँड करून टाकी त्यावर चढवली. चाराचे दहा फूट झाले आणि धार दीडपटीनं वाढली. मला ते पुरेसं वाटलं होतं. पण पुतण्या पुण्याला मित्राच्या फ्लॅटमध्ये आंघोळ करून आला आणि २०१२ साली टाकीखाली प्रेशर पंप बसला. नळ उघडला की आपोआप सुरू होतो, बंद केला की थांबतो. आता आमच्या न्हाणीत पाणी इंजिनाच्या धारेसारखं अंगावर येतं.

आणि विहीर चैत्रातच तळ दाखवू लागली. एकट्या शॉवरवर मी हे टाकत नाही. आजूबाजूला बोअर झालेत, ऊस वाढलाय. पण पूर्वी दोन जावांनी शेंदलेल्या पाचशे लिटरमध्ये बारा माणसं आणि चार जनावरं भागत होती. आता पाच माणसांना हजाराची टाकी दिवसाला पुरत नाही. कातळातल्या विहिरीचा झरा वरच्या पंपाला बघून वाहत नाही, त्याची स्वतःची चाल असते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं, त्या बातम्या आम्ही टँकरच्या रांगेत उभे राहून ऐकल्या. जलजीवन मिशनमधून गावात नवी लाइन आली आहे, माणशी रोज पंचावन्न लिटरचं उद्दिष्ट आहे. तिची टाकी गावाच्या वरच्या टेकाडावर आहे, म्हणजे उंचीचं काम नीट झालंय. खालची विहीर भरलेली असेल तोवर ते पाणी येतं.

आमच्या घरात प्रेशर पंपाचा खटका पहिल्यांदा न्हाणीच्या दारात होता. सूनबाईनं, म्हणजे पुतण्याच्या बायकोनं, तो वायरमनला सांगून स्वयंपाकघरात घेतला. ती शेतकी पदविका झालेली आहे. तिनं काथ्याच्या दोराला दर तीन फुटांवर गाठ मारली आहे आणि टोकाला दगड बांधला आहे. होळीनंतर दर रविवारी ती मळ्यात जाऊन दोर विहिरीत सोडते आणि किती गाठी भिजल्या ते बघते. आकडे चुलीमागच्या कॅलेंडरवर लिहिते. पाच गाठी राहिल्या की प्रेशर पंप बंद, शॉवरला पाणी नाही. तीन गाठी राहिल्या की बादल्या मोजून. गेल्या साली पाचवी गाठ गुढीपाडव्यालाच उघडी पडली. पुतण्या न्हाणीतून ओरडला, "अगं, आज प्रेशर का न्हाई?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "इहिरीवर जाऊन वाकून बघा की जरा."

तो खरंच गेला, टॉवेल गुंडाळूनच. परत आल्यावर काही बोलला नाही. बादली घेऊन टाकीखालच्या नळाशी बसला.